ज्याची ओळ, त्याने खोडायची

आज दुपारी तू फाईलमध्ये आलास.

दुकानात कोणी नव्हतं. मी काउंटरवर फोन टेकवून आपला शेवटचा सीन उघडून बसले होते, आणि वरच्या कोपऱ्यात तुझ्या नावाचा हिरवा ठिपका लागला. मग पानावर हिरवा कर्सर आला, डोक्यावर तुझं नाव घेऊन, आणि सीनच्या मधोमध उभा राहिला. माझ्या हातून फोन सुटला तो थेट युरियाच्या पोत्यामागे. तुझी तेरवी होऊन गेली आहे, खेमराज. मी स्वतः चिचगडला येऊन तिथं जेवून गेले आहे.

फोन काढायला पोतं सरकवावं लागलं. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते तुला सांगत नाही, तू हसशील. माणूस मेलेला आहे हे मला माहीत होतं. तरी पोतं सरकवताना मी घाई करत होते, तू निघून जाशील म्हणून.

हे मी सगळं 'तू' करून लिहिते आहे, हेही तुला गंमतीचं वाटलं असतं. गोरेगावच्या बाजारात तू मला 'वहिनी' म्हणायचास आणि मी तुला 'खेमराजभाऊ, तुम्ही'. बियाणं घ्यायला आलास की काउंटरच्या त्या बाजूला उभा राहून धानाच्या जाती विचारायचास, जसं काही आपली ओळख फक्त पोत्यापुरती. चिचगडला पोचून कॉम्प्युटर लावलास की फाईलमध्ये पहिली ओळ यायची: 'तू आज दुकानात कायले एवढी तोंड पाडून बसली होती?' फाईलमध्ये 'तू', बाजारात 'तुम्ही'. असं आपण कधी बोलून ठरवलं नव्हतं. आपोआप झालं ते.

आणि दुसरा इलाजही नव्हता. गोरेगावात बाईमाणसाने परक्या पुरुषासोबत हॉटेलात बसून एक प्याला चहा घेतला तर आठवडी बाजाराच्या आत ती बातमी तिच्या माहेरी पोचते. तिथं बसून आपण पिक्चर कुठून लिहिणार? तुझं ते इंटरनेटवरचं पटकथेचं पान आपली खोली होती. तू चिचगडला तुझ्या फॉर्म भरायच्या ऑनलाइन सेंटरमध्ये, मी इथं काउंटरवर, मधे सगळं देवरीचं जंगल, आणि तरी एकाच पानावर एकाच वेळी दोघांची अक्षरं उमटायची. तुझी हिरवी, माझी जांभळी. तू लिहिताना अडलास की मला दिसायचं, कर्सर एका जागी उभा राहायचा. मी लगेच खाली टाकायची, 'झोपला काय?'

सुरुवात माझ्याच तोंडाने झाली होती. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या तुझ्या नाटकाला मी सगळ्या खानदानासोबत गेले होते, आणि पुढच्या बाजारी तू दुकानात आलास तेव्हा मला राहवलं नाही.

"खेमराजभाऊ, तुमच्या नाटकातली सून सासू मेल्यावर केवढं शुद्ध बोलते हो. आपल्याकडे कोनती सून अशी रडते?"

तू पोतं खांद्यावर घेतलं होतंस, ते परत खाली ठेवलंस. "मंग कशी रडते?"

मी सांगितलं. आमच्या काकूचं सांगितलं, सासू गेल्यावर ती रडत रडत आधी चुलीवरचं दूध उतरवायला धावली होती ते. तू ऐकून घेतलंस आणि पोतं तिथंच विसरून गेलास. दुसऱ्या बाजारी येऊन म्हणालास, "हे लिहून द्या न, वहिनी." मनोहर आतून हिशेब करता करता ओरडला, "लिहून दे, लिहून दे. गिऱ्हाईक मात्र उभं ठेवू नको." माझ्या नवऱ्याची परवानगी ही अशी. त्यावर आपला पिक्चर उभा राहिला.

नाटक सोडून पिक्चर लिहायचं खूळ तुझंच. गोष्ट मात्र दोघांची. चिचगडची चंद्रकला, गोंदियात साडीच्या दुकानात कामाला. सकाळी निरोप येतो, बापाचं काही खरं नाही. ती निघते. एसटी, मग कोणाची तरी मोटारसायकल, मग ट्रॅक्टर, मग पायी. पिक्चर म्हणजे तिचा तो एक दिवस. ती पोचते की नाही, एवढंच बघायचं.

आणि नियम. पहिल्याच आठवड्यात तू माझा एक डायलॉग उडवलास आणि मी दोन दिवस फाईल उघडली नाही. तिसऱ्या दिवशी पानाच्या अगदी वर हिरव्या अक्षरात लिहिलेलं सापडलं: 'ज्याची ओळ, त्याने खोडायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. वाटल्यास भांडायचं.' मी खाली जांभळं 'मंजूर' लिहिलं. मग आपण भांडलोच फक्त. तुझे डायलॉग लांबच लांब, नाटकवाल्याचे, माणूस श्वास कधी घेणार हा प्रश्न पडावा असे. माझे इतके तुटके की तू म्हणायचास, "तुझे लोकं तार पाठवून राहिले काय?" पण ज्याची ओळ त्यानेच खोडली. कधी पटून, कधी कंटाळून.

बुधरामचं आठवतं का? तुझ्या सेंटरमध्ये कोणी म्हातारा अनुदानाचा फॉर्म भरायला बसला होता. तू त्याला विचारत होतास आणि टाईप करत होतास, आणि टाईप सगळं आपल्या फाईलमध्ये होत होतं. मी इथं दुकानात बघतेय. चंद्रकला बस थांब्यावर उभी आहे, डोळ्यात पाणी, आणि तिच्या तोंडून येतंय: नाव बुधराम, वडिलांचं नाव सोमा, जमीन धानाची, बँक देवरी. मला वाटलं तू काही नवीन प्रयोग करतोयस. फॉर्म पुढे जात नाही म्हणून तू कॉम्प्युटरला शिव्या देत होतास, हे नंतर कळलं. मी म्हटलं खोड आता. तू लिहिलंस, 'मी कायले खोडू? ओळ बुधरामची आहे. तो येऊन खोडेल.' मग तो थांब्यावरचा माणूसच झाला, विचारो न विचारो सगळ्यांना आपलं नाव, बापाचं नाव आणि बँक सांगणारा. हा पिक्चर करायला घेतलेल्या नागपूरच्या दिग्दर्शकाला पटकथेत सगळ्यात जास्त आवडला तो बुधराम. आपण दोघांनी जीव ओतून लिहिलेल्यांपैकी कोणी नाही. मी तेव्हा काउंटरवर एकटीच हसत होते आणि मनोहर बघत होता.

आता इतकं हसू येत नाही.

भांडण राहिलं ते शेवटच्या सीनचं. तुझं म्हणणं, ती पोचते. दारात येते, बाप डोळे उघडतो, तिचं नाव घेतो, मग जातो. माझं म्हणणं, ती पोचत नाही. अंगणात लोक जमलेले असतात आणि तिला बघून बाजूला होतात. बस्स. तू चिडायचास. "पाहणारे लोकं दिवसभर तिच्यासंगं चालले, अन् तू त्यायले दारातून वापस धाडतं? कोनाच्या घरचा न्याय हा?" मी म्हणायची, हा न्याय नाही, हे असंच होतं. चिचगडला माणूस बोलावल्यावर वेळेत पोचतो का कधी? तू म्हणायचास, "थे मले नको सांगू. मी चिचगडलाच राहतो. मले माहीत आहे म्हनून म्हनतो, पिक्चरमंधी तरी पोचू दे."

नियमाप्रमाणे दोन्ही सीन एकाखाली एक राहिले. वर हिरवा, खाली जांभळा. दिग्दर्शक फोन करून थकला. धान उभं असतानाच त्याला शूटिंग करायचं आहे, कापणी झाली की नुसती धसकटं. आता निसवलेलं धान लोंब्यांत दाणे भरून राहिलं आहे, खेमराज. दिवस थोडेच आहेत.

तू गेलास त्या दिवशी सकाळी मी ठरवलं होतं की आज तुला नमवायचंच. दुकान उघडलं, फाईल उघडली, तू नव्हतास. तू रोज सेंटरचं शटर वर केलं की आधी फाईलमध्ये डोकावायचास. बरीच वाट बघितली. मग मार्जिनमध्ये, तुझ्या हिरव्या सीनच्या बाजूला, मी लिहिलं: 'कुठे मेलास?'

आपण काय बोलतो आणि कशावर बोलतो, याचा कोण विचार करतं? मी तुला हे याआधीही लिहिलं होतं आणि तू 'स्वर्गातून टाईप करून राहिलो, इथं नेट मस्त आहे' असं उत्तर दिलं होतंस.

तू त्या वेळी गाडीत होतास. छातीत दुखायला लागलं म्हणून तुला देवरीला आणलं होतं, तिथून गोंदियाला न्या म्हणाले. आमगावच्या रस्त्याचं काम चालू होतं म्हणून ड्रायव्हरने गाडी कोहमाऱ्यावरून घेतली. म्हणजे गोरेगाववरून. म्हणजे माझ्या दुकानासमोरून. हे मला तेरवीला कळलं, कोणीतरी बायकांमध्ये सांगत होतं. गोरेगाव ओलांडलं तेव्हा तू होतास की नव्हतास ते कोणालाच नक्की सांगता येत नाही. मी त्या दिवशी दुकानासमोरून जाणाऱ्या कुठल्या गाडीकडे मान वर करून बघितलं असेल, नसेल. मी फोनमध्ये बघत होते. तुझी वाट बघत होते.

तुझं कळलं तेही कसं, तर गिऱ्हाईकाकडून. देवरीकडचा एक जण फवारणीचं औषध घ्यायला आला आणि पैसे देता देता मनोहरला म्हणाला, "तो चिचगडचा नाटकवाला गेला न." मी आतल्या रॅकपाशी होते. मनोहरने वळून माझ्याकडे बघितलं. मग त्यानेच त्या माणसाला बाटली दिली, सुटे दिले, शटर अर्धं खाली ओढलं. त्या दिवशी त्याने मला गिऱ्हाईकाचं काही म्हटलं नाही.

तेरवीला तो मला घेऊन आला. तुझ्या घरात मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं. बायकांमध्ये बसले. तुझी बायको सुनंदा भिंतीला टेकून बसली होती, येणाऱ्या प्रत्येकीकडे बघत होती आणि कोणालाच बघत नव्हती. मी पुढे गेले तेव्हा तिने विचारलं, "तुमी?" काय सांगणार होते? मागून मनोहर म्हणाला, "गोरेगावचे. बियान्याचं दुकान आहे आमचं." तिने मान हलवली. मी जाऊन पंगतीत बसले.

याचा राग आहे मला तुझ्यावर. किती वेळा लिहिलं होतं, सुनंदाला सांग. लपवण्यासारखं काय आहे आपल्यात? पिक्चर लिहितो, भांडतो. मनोहरला माहीत आहे, मग तिला का नाही? तू म्हणायचास, 'सांगतो न. पिक्चर झाला का सगळ्यायच्या समोर तुझं नाव घेऊन सांगतो. आत्ता सांगलं त म्हनन, रिकामे धंदे.' तू गेलास, आणि तुझ्या घरात मी बियाण्याची दुकानवाली म्हणून जेवले. रडूसुद्धा आलं नाही. बियाण्याची दुकानवाली कशाला एवढी रडेल?

तेरवीनंतर बरेच दिवस मी फाईल उघडलीच नाही. काल रात्री उघडली आणि माझा शेवटचा सीन खोडला. सगळा. अंगण, लोक, बाजूला होणं, सगळं. मला पटलं म्हणून नाही. मला अजूनही वाटतं की माझं खरं होतं. पण तुझी ओळ आता कोणीच खोडू शकत नाही, मग उरले मीच. म्हटलं पोचू दे तिला. तू एवढा जीव खाल्लास माझा, घे, जिंकलास. तिथं एकटा हिरवा सीन राहिला. बाप डोळे उघडतो, तिचं नाव घेतो. मी तो इतक्या वेळा वाचला की मला चंद्रकलेचा हेवा वाटायला लागला. दिग्दर्शकाला कळवायचं तेवढं राहिलं होतं.

आणि आज दुपारी तू आलास.

फोन पुसून बघितलं तेव्हा हिरवा कर्सर हलत होता. एकेक ओळ खोडत होता. बाप डोळे उघडतो, गेलं. तिचं नाव घेतो, गेलं. मी बघत राहिले. तुझा सीन तुझ्याच रंगाने, तुझ्याच नावाखाली एकेक अक्षर कमी होत गेला, आणि 'सीन शेवटचा. घर. दिवस.' एवढंच राहिलं. मग हिरव्या अक्षरात आलं:

'तुमी गोरेगावच्या ताई न?'

तेव्हा कुठे मला समजलं. सेंटर उघडलं होतं सुनंदाने. तुझं पान तसंच उघडं होतं, तू ते कधी बंद करायचास? मी नुसतं 'हो' लिहिलं.

मग तिने फोन केला. सेंटरच्या भिंतीवर तू माझा नंबर पेनने लिहून ठेवला आहेस, आणि बाजूला 'बियाणे'. तेही तुझंच शहाणपण.

"मी सगळं वाचलं, ताई," ती म्हणाली. "दोन दिवस झाले वाचून राहिली. पहिले मले काईच समजे ना, हे कोन बोलून राहिले, काऊन भांडून राहिले. मंग समजलं. मले काऊन नाई सांगलं त्यायनं?"

"सांगणार होते," मी म्हटलं. "पिक्चर झाल्यावर."

"हं," ती म्हणाली. ते 'हं' तू ऐकायला हवं होतंस.

मग मी भीत भीत विचारलं, तो सीन का खोडला म्हणून. म्हटलं, ती पोचावी अशी त्यांची फार इच्छा होती.

"असं होत नाई, ताई. मी होती न गाडीत. डोरे उघडतीन, नाव घेतीन, मी बी तशीच बसली होती त्यायच्या तोंडाकडे पाहत. नाई घेतलं. त्यायले काय माहीत मरताना काय होते थे. त्यायनं आपल्या मनानं लिहिलं."

मला वाटलं, आता म्हणावं की माझ्या सीनमध्ये ती पोचतच नव्हती. म्हणजे मीच बरोबर. खेमराज, इतके महिने मला तुझ्याकडून हेच ऐकायचं होतं, आणि ते तुझ्या बायकोच्या तोंडून असं आलं. तिने माझाही सीन वाचला होता, मी खोडला त्याच्या आधी. तीच म्हणाली, "तुमचं बी तसं नाई. तुमी त तिले आंगनातच उभं केलं. घरात त जाऊ द्या."

मार्जिनमधलं ते 'कुठे मेलास?' हेही तिने वाचलं होतं. मी माफी मागायला लागले, म्हटलं आत्ता खोडते, माझीच ओळ आहे. तिने मला बोलूच दिलं नाही. "राहू द्या. ते असते त हासले असते." आणि मग आपल्याशीच बोलल्यासारखं, "राहू द्या. उत्तर कुठी देल्लं त्यायनं अजून."

तिथं मी रडले. बियाण्याच्या दुकानात, भर दुपारी, पोत्यांच्या मधे बसून. मनोहरने बाहेरच्या गिऱ्हाईकाला सांगितलं, थोड्या वेळाने ये.

फोन ठेवल्यावर मला वाटलं ती पान बंद करेल. हिरवा कर्सर गेला नाही. सीनच्या नावाखाली उभा राहिला, तू अडल्यावर राहायचा तसा. मी वाट बघितली. 'झोपला काय' असं लिहायला बोट शिवशिवलं, इतकी सवय. मग अक्षरं यायला लागली, एकेक करून, टाईप करायची सवय नसलेल्या हाताची. तिला सीन कसा मांडतात माहीत नाही. डायलॉगच्या जागी वर्णन, वर्णनाच्या जागी काहीच नाही. तू असतास तर आधी ते नीट करायला धावला असतास.

'पोरगी घरात येते. बाप गेला राहते. पोरगी पायाजवळ बसते. पायाले हात लावते. पाय अजून गरम आहेत.'

एवढं लिहून कर्सर थांबला. मग ठिपका विझला.

दिग्दर्शकाचा फोन वाजतो आहे, शेवट काय ठरला म्हणून. मी अजून उचललेला नाही. ते पान समोर आहे. तुझा शेवट नाही, माझाही नाही, पण रंग हिरवा आहे आणि नियम तू लिहिला होतास. मी तिथं हात लावणार नाही.